तीन फडकी

आमच्या रिसालीत भय्याजी रामटेक्यांइतका शिस्तीचा माणूस दुसरा नाही, आणि आमचं नशीब की नाही. पस्तीस वर्षं स्टील प्लांटच्या गॅस लाइनवर मेंटेनन्स करून ते फोरमन म्हणून रिटायर झाले, पण ते फक्त कागदावर. घरातल्या नळाचा वॉशर बदलायचा तरी आधी दारावर 'काम चालू आहे' अशी लाल पाटी लागते, मग रजिस्टर उघडतं. वेळ, काम, कारण, जबाबदार, असे चार रकाने. शेवटचा त्यांच्या विशेष आवडीचा. एकदा कुकरची शिटी उडाली तेव्हा तिथे त्यांच्या पत्नीचं, रुक्माकाकूंचं नाव गेलं होतं. काकूंनी त्या पानात भाजीची देठं गुंडाळून बाहेर टाकली.

भय्याजींची मोटरसायकल चौतीस वर्षांची. आजवर तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिलेला नाही. मुलगा राहुल रायपूरहून दर फोनला सांगतो की ती भंगारात द्या, मी स्कूटर घेऊन देतो. शेवटी भय्याजींनी भर गल्लीत जाहीर केलं, "रविवारी उतईले साळीच्या नातवाचं नाव ठेवणं आहे. रुक्माले याच गाडीवर नेतो. रस्त्यात एक डाव जरी बंद पडली, त भंगारवाल्याले मी सोताच फोन करतो."

एवढं बोलून त्यांनी सोमवारी कार्बोरेटर खोलला. तोवर गाडी नीट चालत होती, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

मंगळवारी कार्बोरेटर परत बसला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली, उभ्या उभ्या शहाण्यासारखी चालत राहिली. पण थ्रॉटल पिळला की तिचा जीव जायचा. भक्क करून दबायची, दोन आचके द्यायची आणि मनात आलं तर पुढे सरकायची. नाही तर सिग्नलवर बंद पडायची, आणि मागचे लोक भय्याजींना हॉर्नवर हॉर्न द्यायचे.

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बबलू दुकानातूनच ओरडला, "अंकल, कॉइल गई आपकी." पानठेल्यावर ठरलं की हल्लीचं पेट्रोलच तसलं. मीही "प्लग बघा" म्हणालो, कारण मला मोटरसायकलचा तेवढाच एक भाग ओळखू येतो.

प्लग काढला तर काळाकुट्ट. "काळा म्हंजे पेट्रोल जास्त, हवा कमी," भय्याजी म्हणाले. निदान शंभर टक्के बरोबर होतं. त्यानंतर ते चार दिवस पेट्रोलच्याच मागे लागले. पेट्रोल सोडणारा जेट तीनदा धुतला. सुई एक खाच खाली घेतली, मग वर, मग पुन्हा खाली. एअर स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवला. प्रत्येक वेळी गल्लीच्या टोकापर्यंत आचके खात फेरी आणि परत आल्यावर नोंद. शनिवारी सकाळी सत्ताविसावी झाली. जबाबदारच्या रकान्यात आधी बबलू होता, ज्याने गाडीला बोटही लावलं नव्हतं. मग जेट बनवणारा आला, मग पेट्रोल. सत्ताविसाव्या नोंदीत 'हवामान' होतं.

दुपारी काकूंनी त्यांना न विचारता चरोद्याला सुगतला फोन केला.

सुगत हा भय्याजींच्या गँगमधला जुना फिटर. गॅसच्या पाइपावर काम करण्याआधी जोडात लोखंडी चकती घालून गॅस अडवतात आणि काम संपलं की ती आठवणीने काढतात. वीस वर्षांपूर्वी एक चकती आतच राहिली. कोणाला इजा झाली नाही, अर्धी शिफ्ट वाया गेली. गँगमध्ये माणसं चार होती. भय्याजींच्या रिपोर्टात नाव एकच आलं. सुगत, निष्काळजीपणा. त्याची बढती तीन वर्षं थांबली. घातलेल्या आणि काढलेल्या चकत्या मोजायचं काम फोरमनचं असतं, एवढं मात्र रिपोर्टात लिहायचं राहून गेलं. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या माणसाला भय्याजी सुगतची गोष्ट उदाहरण म्हणून सांगत आले. मला चार वेळा सांगितली आहे.

सुगत चारच्या सुमारास आला. "जय भीम, साहेब," म्हणाला आणि गाडीजवळ उकिडवा बसला.

"कार्बोरेटर मी सत्तावीस डाव पाह्यला," भय्याजी म्हणाले. "त्यात काही नाही."

"मंग मी नाही पाहत," सुगत म्हणाला. "खोलला तवा पाइपांची तोंडं कशानं बंद केली होती?"

"फडक्यानं. उघडं तोंड मी ठेवतो काय कधी?"

"किती फडके?"

ही असली चौकशी भय्याजींना मनापासून आवडते. त्यांनी ऐटीत रजिस्टरचं पहिलं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं, "सोमवार, फडकी लावली, तीन."

"अन् काढले किती?"

भय्याजींनी पान उलटलं. मंगळवार. त्यांनी रजिस्टर हळूच स्वतःकडे वळवलं. सुगतने वाकून वाचलं. फडकी काढली, दोन. ठसठशीत अक्षर, खाली सही.

सुगतने सीटखालच्या एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं, आत दोन बोटं घातली आणि निळ्या लुगड्याचा तुकडा बाहेर ओढला. गाडी चार दिवस नाकात बोळा घालून धावत होती.

"हे त माह्यं लुगडं होय," काकू म्हणाल्या.

सुई आणि स्क्रू सुगतने पूर्वीच्या जागी आणून दिले. किक मारली, थ्रॉटल पिळला आणि गाडी अशी गरजली की बबलू दुकानाबाहेर आला. भय्याजींनी पेन सुगतपुढे धरलं. "लिही. तू काढलं, तूच लिही."

सुगतने लिहिलं, 'फडकं काढलं. गाडी ठीक.' शेवटच्या रकान्यात रेघ मारली.

"इथं नाव पायजे," भय्याजी म्हणाले.

"घरचा जॉब होय, साहेब. राहू द्या."

"अन् त्या टायमाले मी राहू दिलं असतं त?"

"तीन वर्षं आधी चार्जमन झालो असतो," सुगत म्हणाला. रागाने नाही, तब्येत सांगावी तसं. मग चहा पिऊन लोकल पकडायला निघून गेला.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. भय्याजींनी रजिस्टर पुन्हा मांडीवर घेतलं. मग ती रेघ खोडून त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे तोच जुना शब्द, निष्काळजीपणा. ते पान त्यांनी काकूंना दाखवलं. शाबासकी मिळेल अशी आशा असावी.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "लिवलं त लिवलं," त्या म्हणाल्या. "पण त्याची त बढती थांबली. आता तुमचं काय थांबून राह्यलं?"

रविवारी गाडी उतईला गेली. रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, आणि राहुलला तसा फोनही गेला. पण नाव ठेवण्याला दोघं दीड तास उशिरा पोचली, कारण भय्याजींनी आधी गाडी उलट्या दिशेला, चरोद्याला घातली होती. सुगतच्या दारात ते हेल्मेट न काढताच म्हणाले, "ते माह्यं चुकलं होतं, सुगत. मोजणं माह्यं काम होतं."

काकू सांगतात, सुगत 'जाऊ द्या, साहेब' म्हणाला नाही. "हो," म्हणाला. मग दारातून बाजूला सरकला आणि म्हणाला, "या, आत बसा."