वर्गमूळाची ओळ

आज कामाच्या संगणकावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी एररची ओळ उमटली आणि डहाणूच्या कॉलेजची लॅब आठवली. सी भाषेची प्रात्यक्षिक परीक्षा होती. शेजारी कैनाड गावची सुनीता बसली होती. तिचा हा शेवटचा प्रयत्न होता; या वेळी नापास झाली तर घरचे लोक तिचे शिक्षण थांबवणार होते.

वर्गमूळ काढायचा प्रश्न तिला एकटीलाच आला होता. प्रोग्राम कंपाइल होत होता, पण त्याला तयार फंक्शन जोडून देणारा लिंकर अडत होता: वर्गमूळाचे फंक्शन सापडत नाही. कंपाइल करायची कमांड आमच्यात कोणी पाठ करत नसे. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून सगळे उतरवून घेत. तिनेही तशीच उतरवली होती.

"सर, वर्गमूळ सापडत नाही म्हणतंय."

"कंस सुटला असेल. मोज."

"तीनदा मोजले, सर."

"मग चौथ्यांदा मोज. घाई आहे का कुठे जायची?"

मागची रांग हसली. मीही हसलो. तिने पुन्हा कंस मोजले. शेवटच्या पाच मिनिटांत तिने वर्गमूळाची ओळच खोडली. प्रोग्राम चालला आणि त्याने चुकीचे उत्तर दिले.

कारण मला नोकरीत कळले. कागद जुन्या संगणकांचा होता. त्यावरच्या कमांडमध्ये, वर्गमूळाचे फंक्शन जिच्यात असते त्या गणिताच्या लायब्ररीचा उल्लेख फाइलच्या नावाआधी होता. त्या वर्षी आलेल्या नव्या संगणकांना तो नंतर लागत होता. तिच्या प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती.

त्या दिवशी लॅबबाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला कंसच जमत नाहीत रे."

मी "हो" म्हणालो.