पाइपाची पट्टी पायाला

नवऱ्याच्या पायातली शीर फुटेल म्हणून मी ती एकदा नळाच्या पाइपासारखी बांधून ठेवली होती. नातवंडांना सांगताना मी 'जरा सैलसरच' म्हणते, पण ते खोटं. करकचून बांधली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पन्नाशीची. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, फळ्यावर हृदयाची आकृती डोळे मिटून काढायची. तर असल्या विदुषीच्या नवऱ्याच्या पायातली रक्तवाहिनी तुंबली. शंभर पावलं चालले की पोटरी धरून उभे राहायचे, अंगठ्याची जखम भरेना. पाय वाचवायचा म्हणून डॉक्टरांनी त्याच पायातली एक शीर वापरून, तुंबलेली जागा टाळून रक्ताला नवी वाट करून दिली.

उणकलच्या घरी आणून चार दिवस झाले होते. पाय पुसताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला माझा हात लागला, तर कातडीखाली थडथड, थडथड. शिरेला कुठे ठोके असतात? माझ्या पुस्तकात तरी नव्हते.

नेमकं त्याच दुपारी आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. आमच्याकडे येतं तेव्हा असं येतं, की जुना पाइप जोडापाशी फुटायला बघतो. मी नेहमीप्रमाणे दुर्गदबैलच्या बाजारातून आणलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी त्याला गुंडाळली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्यूब टोचेल म्हणून, माया बघा, जुन्या सुती साडीची पट्टी फाडली आणि यांच्या गुडघ्याभोवती आवळली. पायाला मुंग्या येतायत म्हणाले. मी म्हटलं, येऊ देत, आराम पडतोय.

तासाभरानं पाऊल गार आणि पांढरं पडलं. मग मात्र माझंच रक्त गोठलं. रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पट्टी कापली. घोट्यावर रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र टेकवलं. आवाज नाही. मी भिंतीकडे बघत उभी. मग पाणी यायच्या आधी नळ खाकरतो तशी खरखर झाली, आणि सूं... सूं... सुरू झालं. मी तिथल्या स्टुलावर बसलेच.

पट्टी कशासाठी बांधली, हे मला सांगावं लागलं. डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

"अक्का, पाइप निर्जीव असतो, शीर जिवंत आहे," ते म्हणाले. "रक्त जोरात आलं की ती रुंद होते, दाब सोसायला भिंत जाड करते. रक्त कमी झालं की तीही अंग चोरते. चोरता चोरता एक दिवस बंद पडते. तिला काम द्या, चालवा यांना."

आणि ती थडथड? ती तर शीर चालू असल्याची खूण. रोज सकाळी हात लावून बघायची.

पुढे कितीतरी वर्षं मी बघत आले, आणि हे उणकलच्या तलावाकाठी माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिले. पण त्या संध्याकाळी रिक्षातून परतताना, कमरीपेठ मागे पडली तेव्हा मी हळूच म्हटलं, चुकलं हो माझं. यांनी पायाची बोटं हलवून बघितली, पुन्हा एकदा हलवली आणि म्हणाले, "बरं झालं गं, ऑपरेशन मानेचं नव्हतं."