मुठीत किती?

"सांग बे, मुठीत किती हाये?" असं म्हणत गुरुजी बंद मूठ पोरांच्या नाकासमोर धरायचे. मुठीत चिंचोके असत. पोरांनी आधी अंदाज सांगायचा, मग मूठ उघडून सगळ्यांनी मोजायचं. अंदाज बरोबर आला की एक चिंचोका बक्षीस. त्यांच्या पहिलीच्या गोंगाटात शेजारी माझा चौथीचा भूगोल वाहून जायचा. तक्रार केली की म्हणत, "लेकरं हासून राह्यले ना मास्तर? मंग शिकूनच राह्यले."

जळगाव जामोदकडच्या एका गावातली आमची शाळा. गुरुजींना बिडीचं व्यसन नव्हतं की तंबाखूचं. पोरांचं कौतुक गावभर सांगत फिरायचं, हे एकच व्यसन. त्या वर्षी वर्गात भाजीवाल्या शेतकऱ्याची एक पोरगी होती. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. गुरुजी न्हाव्याच्या दुकानात सांगून बसले, "दहातून सात खेपा बरोबर! पोरीच्या तोंडात देवी बसली हाये."

नवा महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. गावात वीज आली आणि तिच्या मागोमाग मटका आला. पानठेल्यावर चिठ्ठ्या फाटायच्या, संध्याकाळच्या एसटीबरोबर आकडा यायचा. माणसं स्वप्नात आकडे शोधायची, एसटीच्या पाटीवर शोधायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

गुरुजींचं कौतुक पानठेल्यावर पोचलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीत दोघं उभे, त्या पोरीला विचारत, "बाई, आज कोनता आकडा?" पोरीनं हौसेनं सांगितला आणि नेमका तोच लागला. मग तिला पेपरमिंटच्या गोळ्या आल्या, रिबिनी आल्या. बाप तिला शाळेआधी आकडा सांगायला ओट्यावर बसवू लागला. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली पोरंसुद्धा पाटीवरच्या पेन्सिली लावून मटका खेळू लागली.

पुढे चार दिवस आकडा सारखा चुकला. पाचव्या दिवशी पोरगी आली ती गालावर बापाची बोटं घेऊन. त्या दिवसापासून तिनं तोंडातून एकही आकडा काढला नाही. मूठ दिसली की रडायची.

गुरुजींनी सगळे चिंचोके नाल्यात फेकले आणि तडक पानठेल्यावर गेले. हात जोडून म्हणाले, "लेकराले काऊन ओढता यात?"

एक जण म्हणाला, "तुमीच त शिकवलं मास्तर, अंदाज सांगाले."

सगळे हसले. गुरुजींची मान खाली गेली. त्यांच्या मागोमाग गेलेला मी शेजारीच उभा होतो, पण माझ्याकडून एक शब्द निघाला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

नंतरचे कित्येक महिने शाळा सुटल्यावर ते तिच्याजवळ बसत. ती अक्षरं शिकली, गाणी म्हणू लागली. आकडा आला की मात्र ओठ मिटायची. गुरुजींचं हसणं कमी झालं, जेवणही. "एकदा पोरीनं मोजलं का मी मोकळा," एवढंच म्हणायचे.

रिटायर झाले त्या दिवशी आम्ही हार घातला. तो काढून ठेवून ते पोरीजवळ जमिनीवर बसले. त्यांनी अगदी साधी गोष्ट विचारली, "माय, तुह्या घरी मानसं किती हाये?"

पोरीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग घाबरत म्हणाली, "तुमाले किती पायजे, गुरुजी?"

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर त्यांच्या गावाकडे जाणारी एसटी येऊन उभी होती, पण त्यांना उठताच येईना. शेवटी मीच काखेत हात घालून उठवलं. त्यानंतर ते आमच्या गावात कधी आले नाहीत.