टप्पा नको म्हणणारे काका

बास्केटबॉल शिकवणारा आणि चेंडूचा टप्पा पडला की कपाळाला हात लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. "टप्पा नको! पास!" एवढंच ते सकाळभर ओरडायचे. म्हणून मुलींनी त्यांचं नावच टप्पाकाका ठेवलं होतं.

ईशान, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, टीम तीच, कोच तेच, मग गेल्या वर्षी जिंकलो आणि यंदा का हरतोय?" तुमच्या टीमचं मला माहीत नाही. आमच्या टीमचं सांगते. रेवा, तूही वाच.

काका कारखान्यात तुमच्या आजोबांच्या हाताखाली फिटर होते. निवृत्तीनंतर बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे आणि रोज सकाळी सहाला स्कूटरवरून अंबरनाथला आमच्या कॉलनीच्या मैदानावर हजर. कोर्ट मातीचं. ते पाईपने पाणी मारायचे, रोलर फिरवायचे, सुतळी धरून चुन्याच्या रेषा आखायचे. स्कोअर लिहायला मी, कारण "मॅडमच्या वहीत खाडाखोड नसते." एवढी निगा राखूनही चेंडू खळग्यात पडला की भलतीकडे उडायचा. त्यामुळे मुली तो जमिनीला लागूच देत नसत. या हातातून त्या हातात, तिथून तिसरीच्या, आणि बास्केट! त्या वर्षी त्या जिल्ह्यात पहिल्या आल्या.

सत्काराच्या वेळी काय हवं असं विचारल्यावर काका चटकन म्हणाले, "पोरींना सिमेंटचं कोर्ट द्या. पाय मुरगळतात हो त्यांचे." दिवाळीपर्यंत कोर्ट झालं. काकांनी चपला काढून त्यावर एक फेरी मारली.

आता चेंडू हवा तिथेच उडायचा. प्रत्येकीला टप्पे मारत एकटीनं बास्केटपर्यंत जाता येऊ लागलं. उल्हासनगरहून येणारी कशिश सगळ्यांत चपळ, म्हणून सगळ्यांत जास्त तीच जायची. पुढच्या हंगामात आम्ही पहिला सामना हरलो, मग दुसराही.

"तू पास देतच नाहीस!" कॅप्टन श्रुती तिच्यावर ओरडली.

"दूँ किसको? तुम्ही सगळ्या तर फोटो काढायला आल्यासारख्या उभ्या असता!"

"मग खेळ एकटीच. आम्ही पाण्याच्या बाटल्या सांभाळतो."

कशिश बॅग उचलून निघून गेली. आठवडाभर फिरकली नाही.

काका माझ्या शेजारी येऊन बसले. "मॅडम, पोरी नाही बिघडल्या. माती त्यांच्याकडून पास करून घेत होती, आणि मला वाटायचं मी शिकवतोय. तीच मी झाकून टाकली."

"तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच केलंत," मी म्हटलं. त्यांनी चुन्याची रिकामी बादली उचलून उगाच पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरला कशिशच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते तिनंच मला सांगितलं, "काका बोले, गलती माझी आहे, तू ये." सोमवारी ती आली, पण श्रुतीकडे बघेना. काकांनी चेंडू टाकला. तो थप्पकन पडला तो तिथेच राहिला.

"काका, यात हवाच नाही!"

"मी काढली. खेळा."

कशिशनं दोनदा टप्पा मारून पाहिला, आणि वैतागून चेंडू जवळ जी होती तिच्याकडे फेकला. ती श्रुती होती. तिनं क्षणभर तो हातात धरला, आणि परत दिला.

तो हंगाम गेला तो गेलाच. पण सरावानंतर कशिशला रिक्षात बसवून द्यायला श्रुती नाक्यापर्यंत जाऊ लागली.

मागच्या वर्षी काका मुलीकडे कोल्हापूरला राहायला गेले. निघताना हवा काढायची सुई त्यांनी माझ्या हातात दिली. "दर सोमवारी, मॅडम." मी एकही सोमवार चुकवलेला नाही. नव्या मुली कुरकुरतात, "आजी, प्लीज, आज नको ना!" मी चष्मा लावते आणि हवा काढते.

ईशान, पार्सलमध्ये लाडवांच्या डब्याखाली तशीच एक सुई ठेवली आहे. कोचना विचारून वापर.