अप्पांचा इंग्रजीचा तास
गरम इस्त्रीखाली सुती कापडाचा वास सुटला की मला उंब्रजच्या आमच्या घराची माडी आठवते. हनोईत नोकरदार माणसांना ऑफिसातलं इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी मी अर्ज केला होता आणि मुलाखतीत एक तास शिकवून दाखवायचा होता. सरावाला मोठा विद्यार्थी आणायचा कुठून? फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, अप्पा, म्हणाले, "मी बसतो की. मी काय ल्हान हाय व्हय?" मग रोज सकाळी उसाला पाणी पाजून आले की कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते माडीवर माझ्यासमोर ताठ बसायचे आणि नसलेल्या गिऱ्हाइकाची इंग्रजीत माफी मागायचे. तास संपला की उभे राहून विचारायचे, "इजाजत, मॅडम?" मी हसून "जावा" म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. नोकरी मिळाली, मी हनोईला आले, तरी फोनवर आमचा तास चालूच राहिला. एकदा माझा बँकेतल्या लोकांचा वर्ग सुरू होत होता, म्हणून अप्पांचं वाक्य अर्ध्यात तोडून मी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी झोपेतच अप्पा गेले. मी घरी पोचले तेव्हा आई म्हणाली, "त्या दिवशी फोन बंद झाला तरी उठंनातच. जेवाय हाक मारली तर म्हणत्यात, मॅडमनी अजून जा म्हटलं न्हाई." आता माझे विद्यार्थी तास संपला की न विचारता उठून जातात, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर मीच बसून राहते.