सासऱ्यांचा तांब्या

लग्न होऊन इंदापूरला आले, तेव्हा सोळा वर्षांची मी स्वतःला फौजदारच समजत होते. सासरे चालताना झोकांड्या खायचे, त्यांचे हात आपोआप हलायचे. ते चोरून शिंदी पितात असं ठरवून मी रोज त्यांचा तांब्या हुंगायची. एकदा सासूबाईंनी पकडलं.

"काय हुंगतीस गं? पाणीच हाय त्यात."

मला न्हाय पटलं. पुढं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा दुर्मिळ आजार आहे, बापाकडून मुलात उतरू शकतो. शिंदीच असती तर बरं झालं असतं.

तांब्या हुंगणं सुटलं. माझे मालक पटका बांधू लागले, की मी त्यांच्या हातांवर नजर ठेवायची.

"काय बघतीस?"

"पटका वाकडा बसलाय."

तो सरळच होता.