संत्र्याला घातलेली अट

हिंमतराव ढोके शांत बसलेले आहेत, हे दृश्य पुण्यात वारज्याच्या त्या सोसायटीत दोन महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं. जेवता जेवता उठायचे, बातम्या अर्ध्यावर टाकून उठायचे, आणि तळमजल्याच्या खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या झाडापाशी जाऊन उभे राहायचे. झाड पुरुषभर उंचीचं. गावाकडून, वरूडहून आणलेलं कलम, पानांनी गच्च, पण आजवर फूल म्हणून धरलं नव्हतं.

या येरझाऱ्यांना कारणीभूत होती एक अट, आणि ती घातली होती खुद्द त्यांनीच. मुलगा तेजस म्हणाला होता, "बाबा, गावचं घर ठेवायचं की विकायचं, ते गुढीपाडव्यापर्यंत ठरवा." हिंमतरावांना ठरवता येईना. शेवटी भर जेवणात त्यांनी जाहीर केलं, "संत्र्याले बहर आला तर पुण्यातच राहू. नाही आला तर गावी." तेजस हसला. मुक्ताईनं, त्यांच्या बायकोनं, तव्यावरची भाकरी उलटली.

हिंमतरावांचा स्वतःचा जीव गावातच अडकला होता. पण मुक्ताई इथं रमली आहे, नात पूर्वाला सोडून जायचं तिच्या जिवावर येईल, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. म्हणून तिच्यासाठी झाड फुलवायचा चंग बांधला. फुलावं असंही वाटायचं आणि फुलू नये असंही. माणूस बसणार तरी कसा?

बहर हवा तर संत्र्याला आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू लागेपर्यंत. हिंमतरावांनी माळ्याच्या हातातला पाइप काढून घेतला. झाड पार केविलवाणं झालं. सोसायटीचे सेक्रेटरी रविराज देव रोज जाता-येता थांबायचे. "ढोकेकाका, याचं उपोषण कधी सुटणार? नाही, श्रद्धांजलीचा मजकूर तयार ठेवतो."

पौष सरता सरता खत घातलं, पाणी सोडलं. माघात फांद्यांवर पांढऱ्या कळ्या दिसल्या. हिंमतरावांना आनंद झाला आणि लगेच गावचं घर आठवलं. दुसऱ्या दिवशी टेकडीवरून फिरून आले, तर कळ्या कमी झालेल्या. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बुलबुलावर संशय आला म्हणून जाळी बांधली. खारीवर आला म्हणून जाळीला आतून जुनं पातळ गुंडाळलं. मग संशय रविराजांवर गेला, आणि हिंमतराव त्यांच्याशी बोलेनासे झाले. रविराजांना त्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

एका सकाळी ते फिरून आले. झाडावर कळी औषधालासुद्धा उरली नव्हती. ते तसेच चिडून खुर्चीत टेकले. मुक्ताईनं चहा आणून दिला. कप घेताना तिची बोटं नाकाजवळून गेली आणि हिंमतराव थबकले. संत्र्याच्या फुलाचा वास. ज्याचा जन्म वरूडच्या बागांत गेला, त्याला तो ओळखायला वेळ लागत नाही.

"तू तोडल्या?"

"हाव." तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर कळ्या होत्या, काही उमललेल्या, काही चुरगळलेल्या.

"काहून?"

"मले घरी जाचं हाय. पूर्वा मोठी झाली, तिचं तिचं चाललं. मले इथं दिवस जात नाही."

हिंमतरावांना "मलेही," असं म्हणायचं होतं, पण निघालं भलतंच. "मंग सांगायचं ना तोंडानं. झाडावर काहून राग काढते?"

"तुमी झाडाले इचारलं," मुक्ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मले कधी इचारलं?"

हिंमतरावांनी चहा खाली ठेवला. लग्नाला चाळीसवर वर्षं झाली होती. गाव, शेत, मुलाचं शिक्षण, पुणं, सगळं त्यांनीच ठरवलं होतं, आणि दर वेळी तिच्याच भल्यासाठी.

"बरं," ते म्हणाले, "आता इचारतो. काय करायचं?"

मुक्ताई समोरच्या खुर्चीत बसली. उत्तर तर ती मघाशीच देऊन बसली होती, तरी पुन्हा सांगायला तिला बराच वेळ लागला. तिला कुणी विचारायची सवय नव्हती.